माझ्या डोक्यावरची शपथ

कॉलेजच्या सरांनी अप्पांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. हात थरथरत होता. सकाळपासून अप्पांच्या पोटात शिंदी गेली नव्हती. समोर अख्खं गाव बसलेलं. कडेला माझ्या कॉलेजची मुलं-मुली, पांढऱ्या टोप्या घालून.

"बघा," सर माइकमधून म्हणाले, "लेक नांदेडला कॉलेजात शिकून राहिली, अन् बाप नालीत झोपून राहिला."

माणसं हसली. टोप्याही हसल्या. गावच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष पहिल्या खुर्चीत होते. ते म्हणाले, "हलू नको रे, शपथ सांडंल."

अजून हसले सगळे.

सर एकेक वाक्य सांगत होते, अप्पा मागून म्हणत होते. शेवटचं वाक्य अध्यक्षांनी बसल्या जागेवरून जोडलं. "म्हण, मोडली तर लेकीचं मढं बघीन."

अप्पा थांबले. माझ्याकडं बघितलं.

"म्हण की."

अप्पा म्हणाले. टाळ्या वाजल्या. मग बाकीच्या पिणाऱ्यांची लेकरं एकेक करून वर आणली. मी खाली मान घालून कडेला उभी राहिले. त्या दिवसाच्या फोटोत मी थोडी हसताना दिसते. का हसले, मला अजून सांगता येत नाही.

आमचं गाव देगलूरच्या पुढं, राज्याच्या हद्दीला लागून. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज बघितलं नव्हतं. कॉलेजचं शिबिर यंदा तुझ्याच गावात घेऊ, असं सर म्हणाले तेव्हा मला आनंद झाला होता. मैत्रिणी घरी येतील, माय चहा करील, एवढंच डोक्यात होतं. जिल्ह्याहून नशामुक्तीची पोस्टरं आली होती. गावात समिती झाली. अध्यक्षांची हमरस्त्यावर परमिट रूम आहे. तिथं बसणाऱ्यांना कुणी माइकवर बोलावलं नाही.

अप्पा गिलाव्याच्या कामावर जातात. त्यांची शिंदी हद्दीपलीकडून यायची. पलीकडं तिला कल्लू म्हणतात. ती झाडाची कमी आणि गुंगीच्या पावडरीची जास्त, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

अप्पांनी शपथ पाळली. वाईट झालं ते त्यामुळंच.

आधी घाम आणि थरथर. मग झोप गेली. मग ते भिंतीवरच्या मुंग्या वेचायला लागले. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. माय म्हणाली, "उलीशी आणू का? घोटभर?" अप्पांनी तिला ढकललं. "पोरगी मरंल माझी."

शिबिराच्या शेवटच्या दिवशी दुपारी त्यांना झटका आला. दात आवळले, जीभ चावली गेली, तोंडातून रक्त. मी शाळेकडं पळाले. तिथं समारोप चालू होता आणि अध्यक्षांची जीप दारात उभी होती.

सर बाहेर आले. "हे लोक नाटक करतात गं. तलफ आली की असंच. तू कणखर राहा."

"लिंबू चाटव," अध्यक्ष म्हणाले.

हे लोक. मी सरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसते. त्या दुपारी मला कळलं की बाक बदलला तरी मी 'हे लोक'मध्येच आहे.

जीप मिळाली नाही. शेजारच्या टमटममधून देगलूर गाठलं. तिथून सरकारी अँब्युलन्सनं विष्णुपुरीला, मोठ्या दवाखान्यात. वाटेत अजून एक झटका आला. मायनं अप्पांचं डोकं मांडीवर धरून ठेवलं होतं.

तिथल्या डॉक्टर बाई माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी सुई लावली, झटके थांबवले, मग मला विचारलं, "एकदम बंद करायला कुणी लावलं?"

"शपथ दिली होती."

"कुणाची?"

"माझी."

त्या स्टूल ओढून समोर बसल्या आणि नीट समजावून सांगितलं. गुंगीच्या औषधाची शरीराला सवय लागलेली असते. ते एकाएकी तोडलं की झटके येतात, माणूस जाऊ शकतो. भरती करून, औषध देऊन हळूहळू उतरवायचं असतं. सरकारी दवाखान्यात सोय आहे. "आणि हे लक्षात ठेव. शरीराची सवय मोडल्यावर पहिल्याएवढी घेतली तर श्वास बंद पडतो. कधी पिणं झालंच तर लपवू देऊ नका त्यांना. आमच्याकडं आणा. तुम्हाला हे गावात कुणी सांगितलं नाही?"

सांगायला पोस्टर होतं. आमच्या शाळेच्या भिंतीवरच होतं. उपचार कुठं मिळतात आणि फोन कुठं करायचा, ते खालच्या बाजूला छापलेलं होतं. त्याच्यावर पाहुण्यांच्या नावांची पट्टी चिकटवली होती.

अप्पा घरी आले. बोलणं मंद झालं होतं. पण गोळ्या घेत होते, हळूहळू कामावरही जायला लागले.

मग एकदा दुपारी मी कॉलेजच्या वाचनालयात असताना त्यांचा फोन आला. अप्पा स्वतःहून कधी फोन करत नाहीत. माय लावून देते.

"पोरी, बरी हायेस ना?"

"हाव अप्पा."

"डोकं-बिकं दुखून राहिलं का?"

"न्हाई. का?"

"काई न्हाई. टायमावर जेवत जा."

मी बाहेर सायकल स्टँडपाशी आले. "अप्पा, पिलात का?"

फोनमध्ये वारा वाजत होता. मग म्हणाले, "थोडीच. नाल्याकडं आलतो. कुणाला दिसू नये म्हणून."

एकटे. नाल्याच्या काठाला. तिथं त्यांचा श्वास अडकला असता तर संध्याकाळी गुरं परतेपर्यंत कुणाला कळलं नसतं. आणि ते मला विचारत होते, तू बरी आहेस ना.

"अप्पा, तुम्ही पिल्यानं मी मरत न्हाई. लपून पिलात तर तुम्ही मरताल."

"तुझ्या डोक्यावर हात ठिवलाय मी."

"तुम्ही न्हाई ठिवला. त्यांनी ठिववला."

ते रडायला लागले. म्हणाले, "मग तू सुटली म्हण."

लहानपणी आम्ही असंच करायचो. कुणी गळ्याची शपथ घातली, की ज्याच्या गळ्याची त्यानंच सुटली म्हणायचं. त्याशिवाय ती सुटत नाही. माझ्या बापाला इतके महिने कुणी हे म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"सुटली, अप्पा. सुटली."

ते उठून घरी जाईपर्यंत मी फोन ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो आणि त्यांनी स्वतः डॉक्टर बाईंना सगळं सांगितलं.

परवा सरांनी मला बोलावलं. यंदाही शिबिर आमच्याच गावात आहे. "तुझ्या वडिलांना परत स्टेजवर घेऊ. आपली यशोगाथा आहे ती. हात तसाच डोक्यावर ठेवायला लावू, फोटो चांगला येतो."

मी नेहमी 'हो सर' म्हणते. या वेळीही ते ओठांपर्यंत आलं होतं.

"नाही सर. अप्पा येणार नाहीत. आणि माझं डोकं मिळणार नाही."

"काय?"

"माइक द्या. एकाएकी तोडू नका, हे सांगीन. भरती कुठं व्हायचं, ते सांगीन. पिलात तर लपवू नका, एकटे राहू नका, हेही सांगीन."

"म्हणजे लोकांना प्यायला शिकवणार तू?" ते हसले. "दोन बुकं शिकली, लई बोलायला लागली."

माइक मिळणार नाही. ते त्यांच्या तोंडावरच दिसलं.

नको. रविवारी मी गावी जाणार आहे. शाळेच्या भिंतीवर ते पोस्टर अजून आहे. नावांची पट्टी ओल्या फडक्यानं निघाली तर ठीक, नाही तर नखांनी काढीन. मग त्या घरांमध्ये जाईन, जिथली लेकरं त्या दिवशी वर आणली होती. घरं मला माहीत आहेत. प्रत्येक लेकराला आधी बापासमोर सुटली म्हणायला लावीन. मग बापाला विष्णुपुरीला घेऊन जाईन. समितीनं गावात येऊ नको म्हटलं तरी जाईन. माझं घर तिथं आहे.

आणि शपथेसाठी कुणाचाही हात पुन्हा माझ्या डोक्यापर्यंत येणार नाही. त्या लेकरांच्या डोक्यापर्यंतही नाही.