उतारावरच्या पाण्याचा फोटो

सव्वाचारला ड्रिलवाल्याने डोळे उघडले, साडेचारला तो जिन्यात होता. खाणीत पहिली पाळी सातची. त्याआधी नदीवर जाऊन यायचं तर चहाला सवड नव्हती.

"नदी काय पळून चाललीय?" बायको अंथरुणातून म्हणाली.

"पळतेय, तेच तर दुखणं आहे."

वसंतात डोंगरावरचा बर्फ वितळला, की खडकांच्या उतारावर नदी दहाएक दिवस पिसाळायची. मग पुन्हा गुडघाभर पाणी. आज सहावा दिवस होता. थोरल्या ताईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ती तिसऱ्या मजल्यावर खाटेला खिळलेली, खिडकीसमोर भिंत. त्याच उतारावर लोकांचे कपडे धुऊन तिने त्याला, धाकट्या भावाला, वाढवलं होतं. "पाणी कसं चढलंय, तेवढं दाखव रे," एवढंच तिचं मागणं. पाच दिवस त्याने तिला फोटोत नुसता पांढरा धुरळा दाखवला.

कॅमेरा जुना, स्टँडही जुना. दुकानदार म्हणाला होता, "धार सलग यायला हवी तर शटर सेकंदभर उघडं ठेवा. तेवढ्यात काही हलता कामा नये."

हलू द्यायचं नाही, हे ड्रिलवाल्याला कोणी शिकवायला नको होतं. दगडात भोक पाडताना पाय रोवायचे, पोट मशीनला टेकवायचं, अंगाचा सगळा भार टाकायचा. चालू मशीनवरचा हात काढायचा नाही. ज्याने काढला त्याचे दात गेले. तीस वर्षं हेच. म्हणून तो स्टँडवर रेलायचा, कॅमेरा आवळायचा, दातओठ खायचा. आणि फोटो हलायचाच.

त्या दिवशी बायकोही शाल गुंडाळून मागोमाग आली. ती बेकरीत कणीक मळायची. त्याची ती झटापट तिने तीन वेळा पाहिली.

"अहो, त्याच्या छातीवर बसलात तर तो श्वास कसा घेईल? मळून झालं की कणकेवरचा हात काढतात. सोडा त्याला."

"पडला तर?"

"पडला तर उचलू. सोडा!"

त्याने टायमर लावला आणि दोन पावलं मागे सरला. दहा सेकंद. हातांचं काय करावं कळेना. शेवटी काखेत दाबून धरले. खटका वाजला. खडक जागच्या जागी, पाणी सलग उतरलेलं.

पाळी संपल्यावर तो अंगावरच्या धुळीसकट ताईकडे गेला. तिने फोटो डोळ्यांशी नेला.

"हा माझा धोपटायचा दगड. पाणी पार कंबरेपर्यंत चढलंय की!" बराच वेळ ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पण ते असं गप्प नसतं रे."

"फोटो कसा बोलेल, ताई?"

"तुला थोडंच बोल लावतेय मी?"

तो उठला, बसला, पुन्हा उठला. नवी लेन्स घ्यायची म्हणून दोन पगारांतून त्याने पैसे बाजूला ठेवले होते. चार दिवस उरले होते.

आठव्या दिवशी ताईची खुर्ची काठावर टेकली. बायको काहीतरी सांगू लागली तशी ताई खेकसली, "थांब गं, ऐकू दे!"

एक गाडी, जिना उतरवायला दोन हमाल आणि काठावरचा पाऊण तास. लेन्सचे पैसे त्यातच गेले.