बोल्टांवरचं घर

आमच्या साडूभाऊंइतका विटेचा दुस्वास करणारा माणूस उभ्या विदर्भात झाला नसेल. वाडी नावाच्या गावात लोखंडी शेड बनवणाऱ्या एका कारखान्यात ते ओव्हरसियर होते. घरसुद्धा कारखान्यातच बनावं, जागेवर नेऊन फक्त जोडावं, हे त्यांनी मनावर घेतलं ते घेतलंच. शेजारी दोन-दोन उन्हाळे बांधकामावर पाणी मारत बसलेले असताना यांनी सिमेंटच्या तयार भिंती ट्रकने आणल्या, आठवड्याभरात बोल्टांनी आवळल्या आणि सत्यनारायणही उरकून घेतला. घाईत स्वयंपाकघराची भिंत मोरीला लागली आणि मोरीला रस्त्याकडे भलीमोठी खिडकी आली. मेहुणी रडकुंडीला आली, तर हे शांतपणे म्हणाले, "रडून काहून राहिली वं? घरच तं आहे, बदलून देतो." आणि पुढच्या रविवारी दोन्ही भिंती खोलून खरंच बदलल्या!

घरात गैरसोयींना तोटा नव्हता. मे महिन्यात आतल्या आत पापड वाळत, पावसात सांधे गळत. भिंतीत खिळा शिरत नसल्यामुळे कॅलेंडर वर्षभर खुर्चीवर बसून असे. मेहुणीला मुळात वाडीच नको होती. तिचा जीव माहेरी, पारशिवनीत. "मन छोटं नको करू," साडूंनी तिला सांगून ठेवलं होतं, "रिटायर झालो का पूरं घर खोलून पारशिवनीले नेऊ." यावर आम्ही पोट धरधरून हसायचो. भेट झाली की मी विचारायचो, "काय साडूभाऊ, घर निघालं का?"

दसऱ्याला लोक शस्त्रं-पुस्तकं पुजतात. साडू पाटावर पाना मांडून त्याला हळदकुंकू वाहत. मग एकेक बोल्ट सैल करायचा, तेल सोडायचं, पुन्हा आवळायचा. जेवणं खोळंबत. मी वैतागून म्हणे, "चांगले घट्ट बसलेत, कशाला छळता त्यांना?"

"न्यायचं आहे ना भाऊ, पारशिवनीले."

रिटायर व्हायला थोडे महिने उरले असताना साडू गेले. त्या दसऱ्याला मेहुणीने पान्यावर फूल वाहिलं आणि तो माझ्या हातात दिला. "भाऊजी, खोला आता."

मी दोन्ही हातांनी जोर लावायला गेलो आणि तोल जाऊन पडता पडता वाचलो. बोल्ट अलगद फिरला होता. एकही अडला नाही. संध्याकाळी घर ट्रकवर होतं आणि मला हसू येत नव्हतं.

पारशिवनीतही ते तसंच गळतं. दर दसऱ्याला मी जातो, बोल्ट सैल करतो, तेल सोडतो, पुन्हा आवळतो.

"आता कुठं न्यायचं आहे, भाऊजी?" मेहुणी विचारते. जेवणं खोळंबलेली असतात.