निलंग्याच्या विहीणबाई

माझ्या मुलीचं लग्न मोडलं, त्याबरोबर माझी एक मैत्रीणही गेली. मुलीच्या दुःखापुढे हे बोलून दाखवण्यासारखं नव्हतं, म्हणून मी ते कुणाला सांगितलं नाही. ती मैत्रीण म्हणजे मुलीची सासू, आमच्या निलंग्याच्या विहीणबाई.

मला मण्यांच्या कामाचा नाद आहे. तंगुसाचा बारीक दोरा, सुई आणि काचेचे मणी घेऊन दुपारभर बसते. तोरणं, ताटाभोवतीच्या महिरपी, तांब्यावर झाकायचे रुमाल. विकत नाही, कुणाकडे लग्न निघालं की रुखवतात ठेवायला देते. नांदेडला तरोड्यात आमचं घर आहे. हॉलमध्ये जुनी पांढरी चादर अंथरायची, वाट्यांत रंगांप्रमाणे मणी काढायचे, की चारपर्यंत मी जागची हलत नाही. आमचे हे जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले. मणी पायाला टोचला की ओरडतात. एकदा वरणात हिरवा मणी निघाला, तेव्हा गल्लीला ऐकू जाईल असे बोलले आणि चहा झाल्यावर स्वतःच टॉर्च घेऊन सोफ्याखालचे मणी वेचत बसले. आमच्या घरातला राग असा. चढतो तसा उतरतो.

मुलीच्या रुखवतात मी मोत्यांची मोठी महिरप ठेवली होती. लग्नाच्या गडबडीत विहीणबाई तिच्यासमोरून हलेनात. "ही तुमी केली? मला शिकवता का?" म्हणाल्या. मला वाटलं, बोलण्यापुरतं असेल. पण पाचपरतावण झालं आणि त्यांचा फोन सुरू झाला. रोज दुपारची जेवणं उरकली की व्हिडिओ कॉल. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची, त्या तिकडे कशाला तरी. "आता सुई या मण्यातून काढू का त्या?" इथून सुरुवात व्हायची आणि मग ऊसतोड, शेजारणीची सून, म्हशीचं दुखणं. काम संपलं तरी त्या फोन ठेवू देत नसत. "ठिवू नका. तुमी तुमचं करत ऱ्हावा, मी निसती बघते." मला हसू यायचं. साठीला आलेल्या बाईला मैत्रीण मिळाली याचं अप्रूपही वाटायचं.

मुलगी लातूरला एका लॅबमध्ये काम करायची, निलंग्याहून एसटीने जाऊन येऊन. मागच्या दिवाळीला एक बॅग घेऊन आली आणि भाऊबीज झाल्यावर म्हणाली, "मला परत जायचं नाही." का, ते सांगेना. तिचे वडील ओरडले, मी रडले, नणंदा येऊन बसल्या. मारतो का? नाही. पितो का? नाही. बाहेर काही आहे का? नाही. मग एवढं सोन्यासारखं घर का सोडतेस, यावर ती उठून आत गेली. मी विहीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "मी काय सांगू ताई," आणि रडायला लागल्या. त्यानंतर त्यांनी केला नाही, मीही केला नाही.

वकिलांमार्फत दोन्हीकडून ठरलं. कागद कोर्टात गेले. संक्रांतीनंतर मुलगी म्हणाली, तिथलं सामान आणायला जायचं आहे. तिचे वडील चार माणसं घेऊन जायला निघाले होते. ती म्हणाली, "चार माणसं गेली की भांडण होतं. मी आणि आई जातो. गाडी मी चालवते." मला आश्चर्य वाटलं. लग्नापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

सकाळी निघालो. लोहा मागे टाकला, माळाकोळीच्या पुढे चहा घेतला. मी हातात काहीतरी असावं म्हणून लहानसा रुमाल आणि मण्यांची डबी घेतली होती, पण गाडीत सुईत दोरा जाईना. अहमदपूरच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. गाडी गोगलगाईसारखी चालली होती. तेव्हा ती रस्त्याकडे बघत बोलायला लागली.

"आई, तो बोलायचा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बोलायचा नाही. भाजीत मीठ जास्त झालं, मला यायला उशीर झाला, काही झालं की बंद. पहिल्यांदा आठवडा. मग महिना. शेवटी पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत एक शब्द नाही. मी समोर ताट ठेवलं की जेवायचा. मी आजारी पडले तर गोळ्या आणून उशाशी ठेवायचा. पण बोलायचा नाही. मी पाया पडले, भांडले, ताट फेकून बघितलं. तो नुसता उठून जायचा."

मी म्हणाले, "अगं, मला सांगायचंस."

"काय सांगू? नवरा बोलत नाही? तूच म्हणाली असतीस, बरं आहे की, शांत आहे. तुझे वडील बघ कसे ओरडतात."

खरं होतं. मी तेच म्हणाले असते.

चाकूर आलं तेव्हा ती म्हणाली, "सासूबाईंना सगळं माहीत होतं. 'त्याला शर्ट कुठला हवा विचारा,' असं मी त्यांना म्हणायचे आणि त्या त्याला विचारून यायच्या. आणि तुझ्याशी रोज दुपारी बोलत होत्या ना? सांगितलं कधी?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. कॉलवर मी हटकून विचारायची, "पोरगी बरी आहे ना?" आणि त्या सांगायच्या, "हाव, लई गुणाची हाय." त्या खोटं बोलल्या नव्हत्या.

लातूरला थांबलो नाही. औसा, मग लामजना पाटीच्या फाट्यावरून निलंग्याकडे वळलो. दुपार झाली होती. दारात गाडी लागली तशा शेजारच्या दोन बायका ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. व्याही अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. जावई आतल्या दाराशी उभे होते. आम्हाला बघून बाजूला झाले. मुलगी सरळ तिच्या खोलीत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.

विहीणबाई स्वयंपाकघरात होत्या. वाळल्या होत्या. मला बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. मी रागातच गेले होते, उंबऱ्यातूनच विचारलं, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

त्यांनी आधी दार लोटलं. मग खाली बसल्या. "सांगितलं असतं तर तुमी पोरीला घेऊन गेला असता."

"घेऊन जायलाच पाहिजे होतं."

"तेच म्हणते मी. मला ती पायजे होती घरात." त्या हळू बोलत होत्या. "त्याचा बाप बी असाच हाय ताई. मी या घरात आले तवापासून. माझी सासू होती तवर तिच्यासंग बोलायचे. ती गेली, मग म्हशीसंग. पोरगी आली तशी घरात वाणी आली. ती ड्युटीला गेली की दुपार खायला उठायची, म्हणून तुमाला फोन लावायची. मण्याचं मला काय कळतंय. निम्मं तर मी सोडून परत करायची, तुमी शिकवावं म्हणून."

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. तो गेला नव्हता. पण मी त्यांच्याजवळ फरशीवर बसले. त्यांनी चहा ठेवला. मधेच त्यांना आठवलं, म्हणाल्या, "तोरणातला तो तुमचा पिवळा मोर माझ्याकडून उलटाच बसला बघा, म्हसरावानी दिसायलाय," आणि मला हसू आलं. खरंच आलं. त्याच वेळी मुलगी दारात येऊन उभी राहिली. हातात कपड्यांची पिशवी होती. आमच्या दोघींकडे बघून ती परत गेली.

सामान फार नव्हतं. कपडे, पुस्तकं, तिची सर्टिफिकेटं, मी दिलेला मिक्सर. जड बॅग तिला उचलेना, तेव्हा जावई पुढे झाले, बॅग नेली, डिकीत नीट आडवी ठेवली आणि डिकी लावली. तोंडातून अक्षर नाही. माझ्या मुलीने जे गाडीत सांगितलं होतं, ते मला तेव्हा कळलं. तो माणूस क्रूर दिसत नव्हता. वाकून माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला नाही, पण पाय मागेही घेतले नाहीत.

निलंगा सुटल्यावर मुलीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"तू तिथे हसत होतीस."

"अगं, त्यांनी एकदम काहीतरी..."

"मी आत माझा संसार पिशवीत भरत होते, आणि तू त्यांच्याशी चहा पीत हसत होतीस."

मी तिला विहीणबाई जे बोलल्या ते सांगितलं. सासऱ्यांचं, म्हशीचं, फोनचं. वाटलं होतं ती चिडेल किंवा रडेल. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. त्यांच्यासाठीच मी एवढे दिवस राहिले. मी गेले तर त्या कुणाशी बोलतील, असं वाटायचं. मग एक दिवस लक्षात आलं, मी म्हातारी झाले की अशीच होणार."

तिने गाडी सुरू केली. लातूरपर्यंत दोघी गप्प होतो आणि त्या गप्प बसण्याचं मला भय वाटायला लागलं. मी उगाच रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत राहिले. रेणापूर फाटा आला तेव्हा ती म्हणाली, "आई, पाट्या वाचू नकोस. भूक लागली का?" आम्ही एका धाब्यावर भाकरी आणि शेवभाजी खाल्ली.

उन्हाळ्यात कोर्टाचं काम संपलं. मुलगी नांदेडच्याच एका लॅबमध्ये लागली. एका दुपारी विहीणबाईंचा फोन आला. मी बराच वेळ वाजू दिला आणि मग घेतला. त्याही फार बोलल्या नाहीत, मीही नाही. मण्यांचंच बोललो. नेमकी मुलगी लवकर घरी आली. आवाज ओळखून आत गेली. जेवताना म्हणाली, "तुला बोलायचं तर बोल. माझ्यासमोर नको." म्हणून मी ती ड्युटीवर असताना बोलायला लागले. स्वतःच्या घरात चोरी केल्यासारखं वाटायचं, तरी सोडवत नव्हतं.

मग एकदा त्या म्हणाल्या, "जळकोटकडची पोरगी बघितली त्याच्यासाठी. जमल्यात जमा हाय."

मी विचारलं, "तिच्या घरच्यांना सांगितलंत?"

"काय सांगू?"

"तो बोलत नाही, ते."

"असं कुणी सांगतंय का ताई? मग कोण देईल पोरगी?"

"न दिलेली बरी," मी म्हणाले. "तुम्हाला घरात बोलायला माणूस हवं, म्हणून दुसऱ्याची लेक आणायची?"

फोन बंद झाला. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

ते मी मुलीपासून लपवलं नाही. संध्याकाळी सगळं सांगितलं. जळकोटला तिच्याबरोबर कॉलेजात शिकलेली एक मैत्रीण राहते. तिच्याकडून माझ्या मुलीने त्या ठरलेल्या पोरीचा नंबर मिळवला आणि दार लावून बोलली. बाहेर आली तेव्हा घसा बसला होता. तिच्या वडिलांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, सांगितलंत ते बरं केलं ताई. पण घरच्यांचं ठरलंय. आणि म्हणाली, मी बडबडी आहे, बोलतं करीन त्यांना."

हे एकदम ओरडले, "अरे, मग काय उपयोग झाला?"

लग्न झालं. आम्हाला ते जळकोटच्या त्या मैत्रिणीकडूनच कळलं. मुलगी एवढंच म्हणाली की त्या पोरीने तिचा नंबर सेव्ह करून घेतला आहे. तेव्हापासून माझी मुलगी ड्युटीवरही फोन सायलेंटला ठेवत नाही.