चाचांच्या चपला

आखातातल्या अल खौदमधले आमचे मेकॅनिक चाचा मूळचे रत्नागिरीचे. भाडं झेपेना, म्हणून जुनी मोटारहोम घेऊन तिच्यातच राहायचं मी ठरवलं होतं. खरं सांगतो, बायकोला सांगायचं धाडस होत नव्हतं. पारखायला मी चाचांना बरोबर नेई. ते प्रत्येक गाडीत चपलांसकट शिरत, फणस पारखावा तशा भिंतींवर टिचक्या मारत आणि म्हणत, "आतून कुजलीय. खलास! यल्ला, पुढची."

इब्रा गावातल्या गाडीत मात्र टिचक्या मारून ते खाली उतरले, चपला काढल्या आणि पुन्हा आत गेले.

"चाचा, हे काय?"

"घरात चपला घालून फिरू काय? आता वहिनींना सांगा."

मी घाबरतच फोन लावला. तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "चाचांनी चपला काढल्या का, तेवढंच सांग."

चाचा माझी नजर चुकवत घाईघाईने खिडकीचा पडदा सरळ करू लागले.