तेवीस खोटे रिव्ह्यू

आमचं रोह्यातलं दुकान मोटारी भरण्याचं होतं. शेतातल्या पंपाची मोटार जळली की आतली काळी पडलेली तार काढायची आणि वेढे मोजून नवी तांब्याची तार बसवायची. माझे यजमान वीस-बावीस वर्षं हेच काम करत होते. बाजारपेठेत कोणालाही विचारलं तरी तो माणसाला दुकानाच्या पायरीपर्यंत आणून सोडायचा.

रस्ता रुंद करताना ती इमारत गेली. नवा गाळा मिळाला तो गावाबाहेर, एका वेल्डिंगवाल्याच्या मागच्या अंगाला. पहिलं वर्ष कसंबसं गेलं. दुसऱ्या वर्षी नेहमीचे एक शेतकरी काका मला स्टेशनजवळ भेटले. मी सहज विचारलं, "काका, यंदा मोटार जळली नाही वाटतं?"

ते ओशाळले. "जळली ना गो. जुन्या जागी गेलो तं तुम्ही नाय. मग सुनेनं मोबाईलात शोधलं, त्यातपण तुमचं नाव नाय. जो पयला आला त्याच्याकडं टाकली."

घरी येऊन मी स्वतः शोधून पाहिलं. सात दुकानं आली, त्यातली दोन तर पेणची. आमचं कुठेच नव्हतं. यांना सांगितलं, तर तार गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "ज्याला काम पायजे तो येतो शोधत." मी काकांची गोष्ट सांगितली नाही. सांगायला हवी होती.

त्या दिवसांत पेणला छोट्या दुकानदारांसाठी रविवारचा वर्ग सुरू झाला होता. रोह्याहून गाडीने जायचं, दुपारी परत. शिकवणारी मॅडम जवळच्याच जिते गावची, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. तिने नकाशावर दुकानाची खूण नेमकी लावायला शिकवलं. गिऱ्हाईक बोलताना जे शब्द वापरतं तेच दुकानाच्या माहितीत लिहा, म्हणाली. आपल्याकडे कोणी 'रिवाइंडिंग' म्हणत नाही, 'मोटार भरणे' म्हणतात, म्हणून मी तेही घातलं. शेवटी ती म्हणाली, "गिऱ्हाइकांकडून रिव्ह्यू मागा. लाजू नका. पण स्वतः लिहू नका."

माझ्या शेजारी पेणजवळच्या जोहे गावचे, गणपती बनवणारे एक मूर्तिकार बसायचे. त्यांनी विचारलं, "मॅडम, आमच्या गावात घराघरात कारखाना हाय. उद्या सगळेच असं करायला लागले, तं पयला कोण येणार?"

"प्रयत्न करत राहायचं, काका," मॅडम म्हणाली. मूर्तिकार पुढच्या रविवारी आले नाहीत.

मी मात्र सगळं केलं. मोटार उघडून तिच्यावर वाकलेल्या यांचा फोटो टाकला, वेळ टाकली, फोन नंबर टाकला. महिनाभराने आमचं नाव दिसू लागलं, सगळ्यात खाली. वरच्या दुकानांना वीस-वीस रिव्ह्यू, आम्हाला तीन. मी येणाऱ्या प्रत्येकाला विनवू लागले. लोक 'व्हय, टाकतो' म्हणायचे आणि विसरायचे. त्यांचं तरी काय चुकलं? कोणाकडे बटणांचा फोन, कोणाचा हात दिवसभर चिखलात.

एके दिवशी एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "मला लिवता नाय येत. मी सांगतो, तूच लिव." त्यांचे शब्द मी बहिणीच्या फोनवरून टाकले. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिलं, यात काही वावगं वाटलं नाही. मग ज्यांनी तोंडी कौतुक केलं होतं, त्यांचे शब्द आठवून लिहिले. मग जे कौतुक करू शकले असते त्यांचे. भावाचा फोन, मावशीचा, शेजारणीचा. तेवीस झाले. काही माणसं तर मी मनानेच तयार केली, त्यांच्या नावाने खाती उघडली.

आम्ही पहिले आलो. माणगावहून फोन आला, मुरूडहून आला. हे सकाळी लवकर गाळा उघडू लागले. एकदा जेवताना म्हणाले, "तुझ्या त्या वर्गाचा उपयोग झाला म्हणायचा." लग्नानंतर इतक्या वर्षांत माझ्या कुठल्या कामाबद्दल ते असं बोलले नव्हते.

दीड महिन्यानंतर एका सकाळी फोनवर संदेश आला की नियमांचा भंग झाल्यामुळे दुकानाचं पान काढून टाकलं आहे. नकाशावरची खूण गेली, फोटो गेला, ते खरे तीन रिव्ह्यूही गेले. दाद मागायला एक अर्ज होता. मी तो चार वेळा भरला. चारही वेळा तेच उत्तर आलं, शब्दही न बदलता. समोर माणूस असता तर मी पाय धरले असते.

यांना सांगावंच लागलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "काय काय लिवलंवतंस, वाच." टाकण्याआधी लिहून काढलेलं सगळं माझ्या वहीत होतं. मी वाचत गेले. एका ठिकाणी त्यांनी थांबवलं.

"हे परत वाच."

मी लिहिलं होतं की डोंगराकडच्या आदिवासी वाडीची पाण्याची मोटार यांनी दोन दिवसांत भरून दिली आणि बायांची पायपीट वाचली. ती मोटार दुकानात आलेली मी पाहिली होती. पुढचं मी धरून चालले होते.

"ती झालीच नाय," ते म्हणाले. "आतला लोखंडाचा गाभाच जळलावता, तार बदलून भागणार नव्हतं. मी परत पाठवली. नवी मिळेपर्यंत त्या बाया महिनाभर ओढ्यावरून पाणी वाहत होत्या. त्यांच्यातल्या कोणी हे वाचलं असतं तर?"

"त्यांच्यात कोण वाचतंय," मी म्हणाले.

त्यांनी वही मिटली. तेवीस रिव्ह्यूंची मला लाज वाटते, पण त्या एका वाक्याची जास्त वाटते. ती वाडी आमच्यापासून लांब नाही. तिथे जाऊन त्या बायांना काहीतरी सांगावं असं अनेकदा मनात आलं. काय सांगणार ते ठरत नाही, आणि मी गेलेले नाही.

फोन थांबले. नवं पान काढू, असं मी एकदाच म्हणाले. ते म्हणाले, "नको. आता खरं लिवलं तरी मला ते खोटंच वाटंल." पावसाळ्याच्या आधी त्यांनी गाळा सोडला. तार गुंडाळायचं यंत्र वेल्डिंगवाल्याला देऊन टाकलं आणि एका कंपनीत हेल्पर म्हणून लागले. वय पन्नाशीला आलेलं, त्यामुळे मिळेल ती शिफ्ट.

कंपनीत मोटारी खूप आहेत. जळल्या की त्या भरायला पनवेलला पाठवतात, ठेकेदाराकडे. हे त्या उचलून गाडीत चढवतात. मागच्या आठवड्यात मी विचारलं, "तुम्ही सांगितलं नाही का त्यांना, मला येतं म्हणून?"

त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट भिंतीला नीट लावून ठेवले.

"सांगितलं," म्हणाले. "सायब बोलले, तसा काही कागद हाय काय तुमच्याकडं?"