साडूभाऊ घोरायचे थांबले तेव्हा

माझ्या साडूभाऊंइतका दणदणीत घोरणारा माणूस मराठवाड्यात दुसरा झाला नाही आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. मी नांदेडला राहतो आणि ते लातूरकडे, मुरुडला. मध्ये एवढं अंतर आहे म्हणूनच आमचे संबंध गोडीत राहिले, असं माझी बायको म्हणते. आधी बारीक शिट्टी, मग खरखर, मग पत्र्यावरून दगडांचं पोतं ओढल्यासारखा आवाज आणि त्यानंतर एकदम शांतता, असा त्यांच्या घोरण्याचा क्रम असे. ते मुक्कामाला येणार कळलं की आमच्या भाडेकरूंना गावाकडची कामं आठवत. लग्नकार्यात त्यांच्यासाठी वेगळी खोली बघणं हे आचाऱ्याला सुपारी देण्याच्याही आधी उरकलं जाई. साडूभाऊंना मात्र या कीर्तीचा अभिमानच होता. "घोरणं ही तब्येतीची पावती हाय, मास्तर," ते मला सांगायचे. "ज्याचं मन साफ, त्यालाच अशी झोप लागती."

गंमत अशी, की रात्रभर एवढी झोप कमावूनही हा माणूस दिवसा अर्धवट झोपेतच असायचा. सकाळी उठल्यापासून डोकं जड, चहाची बशी तोंडाशी नेता नेता डुलकी. पारावर बोलताना ते अर्ध्या वाक्यात घोरू लागत आणि जाग आली की उरलेलं वाक्य पूर्ण करत; तोवर ऐकणारे बदललेले असत. पुतणीच्या सोयरिकीच्या बैठकीत तर त्यांनी कहर केला. घरातले वडीलधारे म्हणून त्यांना मधोमध लोडाला टेकून बसवलं होतं. भोकरच्या पाहुण्यांनी विचारलं, लग्न आमच्या गावी, भर मे महिन्यात, दुपारच्या मुहूर्तावर लावलं तर चालेल का? नेमका तेव्हाच साडूभाऊंचा डोळा लागला आणि मान दोनतीनदा खाली गेली. समोरच्यांनी तो होकार धरला, लगेच पानसुपारी फिरली आणि आम्ही सगळे मे महिन्यात भोकरला जाऊन भाजून निघालो. साडूभाऊ स्वतः मांडवातल्या एकुलत्या एका कूलरपुढे गाढ झोपले होते.

पण पुढे हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. शेताकडून येताना मोटारसायकलवरच त्यांना झोप लागली आणि गाडी कडब्याच्या गंजीत घुसली. गंज होती म्हणून बचावले. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्या थोरल्या मेहुणीने, त्या दिवशी गाडीची किल्ली काढून घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली. तेव्हापासून गावभर भिरभिरणारा हा माणूस कुणाच्या तरी पाठीमागे बसून शेतात जाऊ लागला. बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. मला तो चेहरा बघवत नसे.

अशात वेळा अमावास्या आली. या दिवशी लातूरकडची घरं ओस पडतात, सगळे शेतात जेवायला जातात आणि जाताना ओळखीपाळखीच्यांना ओढून नेतात. मीही नांदेडहून आमच्या शेजारच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना सोबत नेलं. कडब्याच्या पेंढ्यांनी उभारलेल्या कोपीत पूजा झाली. भज्जी, उंडे, आंबील असं पोट फुटेस्तोवर जेवण झालं. साडूभाऊ कोपीच्या सावलीला आडवे झाले आणि शिवार दणाणलं. पाहुणे हसत होते. थोड्या वेळाने आवाज थांबला, "सुटलो बाबा," असं कुणीसं म्हणालं आणि नेहमीप्रमाणे आम्ही सगळ्यांनी निवांत श्वास सोडला. डॉक्टर मात्र हातातला विडा तसाच धरून साडूभाऊंच्या छातीकडे बघत होते. छाती धडपडत होती, पण श्वास येत नव्हता. एवढ्यात अक्का भांडी सोडून उठल्या, त्यांनी नवऱ्याच्या खांद्याला ढोसलं आणि मोठा आचका देऊन घोरणं पुन्हा सुरू झालं. अक्का परत भांड्यांशी जाऊन बसल्या.

डॉक्टरांनी साडूभाऊंना उठवलं आणि नीट समजावलं. झोपेत घसा मिटतो, श्वास अडकतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, हृदयावर ताण येतो, रक्तदाब चढतो; दिवसाची पेंग त्यातलीच. आवाज थांबतो तोच खरा धोका, लातूरला जाऊन झोपेची तपासणी करा, बहुतेक हवा सोडणाऱ्या यंत्राचा मास्क नाकावर लावून झोपावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. साडूभाऊंनी ते उडवून लावलं. "मी घोरायलोय म्हणून तर दुनियेला कळतंय, माणूस जित्ता हाय."

अक्का मान वर न करता म्हणाल्या, "आवाज थांबला की मी उठून बसते. सुरू झाला की पडते. लग्न झाल्यापासून मला सलग झोप न्हाई."

साडूभाऊंनी आंबिलीचा लोटा बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाले, "मी एकट्यानंच दोघांची झोप खाल्ली म्हणा की. लातूरला कधी जायचं, डॉक्टरसाहेब?"

तपासणीत अंगभर वायरी लावून झोपवलं, त्याचंही त्यांनी गावात कौतुक करून सांगितलं. यंत्रसुद्धा घाबरलं म्हणे. मास्क आला, लाइट गेली तर म्हणून इन्व्हर्टर आला, रात्रीचं जेवण निम्म्यावर आलं. आणि माणूस जागा झाला. आता पारावर कुणी घोरताना दिसला की साडूभाऊ त्याला हलवून उठवतात आणि लातूरचा रस्ता दाखवतात. धाकट्या पुतणीच्या बैठकीत पाहुण्यांनी मे महिन्याचं नाव काढताच ते टक्क उघड्या डोळ्यांनी "न्हाई" म्हणाले आणि आम्ही मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो.

यंदाच्या वेळा अमावास्येला अक्कांनी स्वतः गाठ सोडून किल्ली त्यांच्या हातात दिली. आंबिलीची बिंदगी, ती छोटी घागर, मांडीवर धरून त्या मागे बसल्या आणि साडूभाऊंनी भर बाजारातून गाडी नेली, तीही गरज नसताना हॉर्न वाजवत.

जेवणं झाल्यावर कोपीच्या सावलीला अक्का सहज म्हणून टेकल्या आणि बघता बघता झोपल्या. थोड्या वेळाने बारीक आवाज येऊ लागला. अक्का घोरत होत्या. आम्ही हसलो, तसं साडूभाऊंनी ओठांवर बोट ठेवलं. ते उपरण्याने माशा वारत शेजारी बसून होते आणि आवाज जरा मंदावला की वाकून बघत होते. उन्हं कलली, सामान बांधून झालं, मी निघू या म्हणालो.

"लई वरसांची झोप हाय, मास्तर. पुरी होऊ द्या," ते म्हणाले. इतके दिवस जिच्यासाठी ते झुरले ती किल्ली त्यांच्या मुठीत होती. गाडीच्या आवाजाने अक्का जाग्या होतील, म्हणून ते जागचे हलले नाहीत.