पितरांचं पान, माझी साखर

"काम काय करता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मी खरं ते सांगून टाकलं. "लोकांच्या घरी जेवायला जातो."

त्या हसल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील. त्यांना वाटलं, गुरुजी गंमत करताहेत. पण मी गंमत करत नव्हतो. आमचं घराणं गोदाकाठचं, यात्रेकरूंची धर्मकृत्यं करणारं. मंत्र म्हणायचं काम माझा धाकटा चुलतभाऊ करतो, कारण आवाज त्याचा चांगला. मी पानावर बसतो. घरात श्राद्ध असलं की गेलेल्या माणसाच्या जागी ब्राह्मणाला बसवतात, त्याचे पाय धुतात, त्याला जेवू घालतात. त्याने खाल्लं ते गेलेल्याला पोचलं, असं धरतात. हल्ली बसायला माणसं मिळत नाहीत. आमच्यातली तरुण मुलं एकतर सातपूरला कंपनीत, नाहीतर पुण्यात. त्यामुळे पितृपक्षात मला श्वास घ्यायला फुरसत नसते. मिसरूड फुटल्यापासून मी नाशिककरांच्या मेलेल्या माणसांच्या वतीने जेवत आलो आहे. भात, खीर, वडे, पुरणपोळी आणि शेवटी आग्रहाची आणखी एक वाटी खीर.

"मग ते आता बंद," बाई म्हणाल्या. भात बंद, पोळी जवळजवळ बंद, साखर, गूळ, बटाटा, साबुदाणा बंद. पालेभाज्या खा, पनीर खा, शेंगदाणे, ताक, थोडी डाळ. गोळ्या चालूच. मी म्हटलं, एवढं काय घाबरवता, शुगर तर घरोघरी असते. त्यांनी माझ्या डोळ्यांच्या तपासणीचा कागद पुढे सरकवला. डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसायला लागले होते. साखर आटोक्यात आली तर ते तिथेच थांबतील, नाहीतर वाढत जातील, असं त्या म्हणाल्या. आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

कारण माझ्या वडिलांचे डोळे असेच गेले. तेही पानावर बसायचे. शेवटची काही वर्षं मी शेजारी बसून त्यांच्या कानात सांगायचो, समोर भात आहे, डावीकडे चटणी, उजवीकडे खिरीचा द्रोण. एकदा त्यांचा हात कढीत गेला आणि यजमानांची पोरं फिसकन हसली. वडीलही हसले. मला मात्र त्या पोरांच्या कानाखाली द्यावीशी वाटली होती. मला डोळे हवे होते. बाकी आरोग्य, आयुष्य, चपळाई वगैरे गोष्टी राहिल्या बाजूला. कुणी माझ्या कानात पान वाचून दाखवावं, ही वेळ मला नको होती.

तर सुरू झालं. आणि पहिल्या आठवड्यातच माझं डोकं फिरलं.

आमच्या मंडळींना कुठलीही गोष्ट अर्धवट करता येत नाही. तिने त्याच संध्याकाळी तांदळाचा डबा उचलून माळ्यावर टाकला आणि मोबाइलवर बघून फ्लॉवर किसून त्याचा भात केला. त्याला भात म्हणणाऱ्या माणसाला मी एकदा भेटणार आहे. वरण घातलं की तो तरंगतो, तूप घातलं की तुपकट होतो, आणि कितीही खाल्ला तरी पोटात काही गेलंय असं वाटत नाही. "सवय होईल," ती म्हणायची. "कशाची? उपाशी राहायची?" मी विचारायचो. मग ती माझ्या पानात आणखी एक डाव वाढायची.

भाजीबाजारात आमची नेहमीची भाजीवाली, सायखेड्याकडची. ती एक दिवस म्हणाली, "गुरुजी, रोज रोज फ्लावरच नेता. घरी ससं पाळलंय का काय?" मी तोंड वाकडं करून सांगितलं, शुगर आहे. झालं. पुढे उभ्या असलेल्या बाईंनी मेथीचे दाणे भिजवायला सांगितले, मागच्या गृहस्थांनी जांभळाच्या बियांची पूड. भाजीवाली म्हणाली, "कारल्याचा रस घ्या, लय गुणाचा हाय. आमच्या दिराची शुगर पार उतरली, आता नाय म्हणजे नाय." या शहरात कुणाला शुगर आहे म्हटलं की माणूस दोन गोष्टी करतो. आधी औषध सांगतो, मग स्वतःसाठी जिलबी घेऊन जातो.

एकादशीला मी आणखी एक शहाणपणा केला. मनात म्हटलं, आज उपास, आज तरी पोट हलकं राहील. आणि जन्मभराच्या सवयीने साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वर बटाट्याचा कीस. दुपारी बोटाला टोचून यंत्रात पाहिलं तर आकडा असा वर गेलेला की मला वाटलं यंत्रच बिघडलं. दुसऱ्या बोटाला टोचलं. तोच आकडा. देवासाठी उपास करावा आणि देवाने असं करावं! मी यंत्र गादीवर आपटलं. फुटेल इतक्या जोराने आपटायची हिंमत नव्हती.

सगळ्यांत संताप कशाचा यायचा सांगू? याचा उपयोग होत होता. आकडे हळूहळू उतरत होते. दुपारची पेंग गेली, पाय जळायचे थांबले. उपयोग झाला नसता तर मी डॉक्टरीणबाईंना दोन शब्द सुनावून पुरणपोळीकडे परत गेलो असतो. तोही मार्ग बंद झाला.

मग पितृपक्ष आला.

मी आधीच ठरवलं होतं की यजमानांना स्पष्ट सांगायचं. पहिल्या घरी सांगितलं, खीर वाढू नका, भात घासभर वाढा. तिथला मुलगा फार समजूतदार. "गुरुजी, शुगर-फ्री घालून करतो की!" मी म्हटलं, "अरे, खिरीत तांदूळ असतात, त्यांचं काय करशील?" दुसऱ्या घरच्या बाई फोनवर म्हणाल्या, "मग राहू द्या गुरुजी, आम्ही दुसरं कुणीतरी बघतो. सासूबाईंना अर्धपोटी कसं पाठवायचं?" त्यांचं चुकलं असंही म्हणता येईना. जेवणाऱ्यानेच पानात टाकलं तर श्राद्ध कसलं?

चुलतभावाने तोडगा काढला. "तू आमान्न घे. जेवू नकोस." आमान्न म्हणजे जेवणाऐवजी कोरडा शिधा घ्यायचा. ठीक, म्हटलं. मग दर दिवशी घरी पिशव्या यायला लागल्या. तांदूळ, गहू, गूळ, साखर, बटाटे. आठवड्याभरात स्वयंपाकघराचा कोपरा भरला. मंडळी एकेक पिशवी उघडायची, माझ्याकडे बघायची आणि पुन्हा गाठ मारायची. जे जे मला वर्ज्य, ते ते सगळं नाशिक माझ्या घरी आणून टाकत होतं. आणि मी फ्लॉवर किसत बसलो होतो. किसायचं काम आता माझ्याकडे आलं होतं.

अशात इंदिरानगरच्या एका बाईंचा फोन आला. वयाने मोठ्या, त्यांचे पती गेल्या वर्षी गेलेले. पितृपक्षातलं त्यांचं हे पहिलंच श्राद्ध. चुलतभावाने त्यांना आमान्नाचं सुचवलं होतं, ते त्यांनी साफ नाकारलं होतं. "गुरुजी, कोरडा शिधा घेऊन ते काय करतील? त्यांना चहासुद्धा करता येत नव्हता. तुम्हीच बसा. नाही म्हणू नका." मला नाही म्हणायचं होतं. तोंडातून हो निघून गेलं. फोन ठेवल्यावर मी स्वतःवर इतका चिडलो की मंडळींनी टीव्ही बंद केला.

जाताना मी ठरवून गेलो होतो. गेल्या गेल्या बाईंना बाजूला घ्यायचं आणि सांगायचं, मला मधुमेह आहे, खीर नको. पण चुलतभावाबरोबर पोचलो तेव्हा मुलगा तांब्या-ताम्हण घेऊन दारातच उभा होता. पाय धुतले गेले, गंध लागलं, पाटावर बसवलं, केळीचं पान आलं. पान वाढलं गेलं की बोलता येत नाही. या जेवणात मौन असतं. हवं-नको ते हाताने सांगायचं.

कारल्याची भाजी आली, गवार आली, आमसुलाची चटणी, उडदाचे वडे, भाताची मूद. मग बाई स्वतः खिरीचं पातेलं घेऊन आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. खरं तर तेव्हा त्यांनीही बोलायचं नसतं. पण त्या बोलल्या.

"खीर थोडी जास्तच गोड झालीय. मुद्दाम केली." त्यांनी द्रोण काठोकाठ भरला. "त्यांना शुगर होती. सगळी वर्षं मी त्यांच्या राशीला बसले होते. साखरेचा डबा कुलपात ठेवायचे. पुतण्याच्या लग्नात चारचौघांत हातातला लाडू काढून घेतला. शुगरपायी पाय कापावा लागला, तेव्हा माझंच खरं ठरलं ना? म्हणून मग आणखीच कडक झाले. शेवटी दवाखान्यात म्हणाले, आता तरी दे. तेव्हाही नाही दिली मी." त्यांनी पदराने नाक पुसलं. "आज पोटभर घेऊ द्या त्यांना. आज काही होत नाही."

मुलगा "आई" म्हणाला. माझा चुलतभाऊ पोथीत डोळे घालून बसला. त्याला माझं सगळं माहीत होतं, तरी त्याने मान वर केली नाही.

मी काय करणार होतो? मौन होतं. नसतं तरी काय सांगणार होतो त्या बाईला, की तुमच्या नवऱ्याच्या जागी बसवलेल्या माणसालाही तेच दुखणं आहे? मला त्या माणसाचा राग आला, मेल्यावरही खीर मागणाऱ्या. बाईंचा राग आला, डॉक्टरीणबाईंचा आला, माझ्या रक्ताचा आला. मग मी द्रोण उचलला आणि तोंडाला लावला.

काय सांगू. दूध आटवून आटवून गुलाबी झालेलं, तांदूळ तुपावर भाजलेले, जायफळ नेमकं. कित्येक महिन्यांत माझ्या जिभेला कुणी असं वागवलं नव्हतं. पहिल्या घोटाला माझे डोळे मिटले. दुसरा घोट मी तोंडातच धरून ठेवला. मला पातेलं हवं होतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी डोळ्यांच्या ठिपक्यांची मला काडीचीही फिकीर नव्हती. तिसऱ्या घोटाला मात्र जीभ मागे सरली आणि भीती पुढे आली. मी द्रोण खाली ठेवला. अर्धा भरलेला.

बाई पळीने आणखी वाढायला वाकल्या. मी द्रोणावर हात आडवा धरला.

त्या थबकल्या. पळी तशीच हवेत. मला वाटलं, आता रडतील, आता आग्रह करतील, आणि आग्रह केला तर मी नक्की हात काढणार. मी हात दाबून धरला.

"बास?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

त्या मुलाकडे वळल्या आणि त्यांचा आवाज फुटला. "अरे, बास म्हणाले. जन्मात कधी बास म्हणाले नाहीत रे. आज म्हणाले." त्यांनी पळी पातेल्यात ठेवली, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. रडत होत्या, पण चेहरा मोकळा झाला होता. मुलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

चुलतभावाने खाकरून पुढचं सुरू केलं. जेवण संपताना यजमानाने विचारायचं असतं, तृप्त झालात का? आणि पानावर बसलेल्याने उत्तर द्यायचं असतं. मुलाने चुलतभावामागून तो प्रश्न चाचरत म्हटला. बाईंनी भिंतीपाशीच हात जोडले.

अर्धा द्रोण समोर होता. वर बारीक साय धरायला लागली होती. माझा हात अजून त्याच्या कडेवर होता आणि तो तिथून निघत नव्हता. मी अनेक घरांत, आकंठ जेवून, पोटाला तड लागलेली असताना ते उत्तर दिलं आहे, आणि दर वेळी मनात दुसरंच काहीतरी चाललेलं असायचं.

"तृप्तोऽस्मि," मी म्हणालो. बाईंचा नवरा जेवून उठला. मी उपाशीच होतो.